ताजिकिस्तानचा नहजत पक्ष : मवाळ राहूनही बंदी का ओढवली?

वाचनवेडा_मिरज यांचा प्रश्न

आमच्या शेजारची एक मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी ताजिकिस्तानात, दुशान्बे येथे गेली आहे. ती गेल्यापासून तिच्या घरच्यांपेक्षा मीच त्या देशाविषयी अधिक वाचत बसलो आणि वाचता वाचता एका जागी अडलो, म्हणून हा धागा काढत आहे.

तेथील इस्लामी पुनरुत्थान पक्षाला ताजिक लोक थोडक्यात ‘नहजत’ म्हणतात. मध्य आशियातील पाचही माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांत कायदेशीर मान्यता असलेला हा एकमेव धार्मिक पक्ष होता. १९९९ पासून सोळा वर्षे तो निवडणुका लढवत होता. ६३ जागांच्या कनिष्ठ सभागृहात २०००, २००५ आणि २०१० या तिन्ही वेळी त्याला दोन-दोनच जागा मिळाल्या, किंवा मिळू देण्यात आल्या. २०१३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत या पक्षाने कोणा मौलवीला नव्हे, तर ओयनिहोल बोबोनझारोवा या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या महिला वकिलांना पाठिंबा दिला. मात्र आवश्यक असलेल्या दोन लाखांहून अधिक सह्या जमू न शकल्याने त्यांचे नाव मतपत्रिकेवर आलेच नाही. अशा या पक्षाला २९ सप्टेंबर २०१५ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दहशतवादी संघटना ठरवले आणि पुढच्या वर्षी त्याच्या दोन उपाध्यक्षांना जन्मठेप झाली.

माझ्या शंका दोन आहेत. जो पक्ष दोन जागांवर समाधान मानून घरी परतत होता, तो अध्यक्ष इमोमाली रहमोन यांच्या सत्तेला इतका का खुपावा? आणि ज्या पक्षाचे सभासद चाळीस हजारांच्या घरात असल्याचे सांगितले जात होते, तो काही महिन्यांत, रस्त्यावर मोठा उद्रेक न होता, कसा काय विरून जातो? ‘हुकूमशहा क्रूर असतात’ किंवा ‘धार्मिक पक्ष मुळातच घातक असतात’ ही दोन्ही उत्तरे मी ऐकली आहेत. त्यांनी माझे समाधान झाले नाही.

आमू_ते_भीमा यांचे उत्तर

आपण मवाळपणाचा प्रश्न विचारला आहे, परंतु मला वाटते की आपल्याकडच्या जहाल-मवाळ या जोडीने येथे फारसे काही उलगडत नाही. नहजत मवाळ होता म्हणून त्याला सोळा वर्षे राहू दिले नव्हते आणि तो जहाल झाला म्हणून त्याच्यावर बंदी आली नाही. ज्या तराजूत तो पक्ष बसवलेला होता, त्या तराजूतील वजने एकेक करून काढून घेतली गेली. हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सय्यद अब्दुल्लो नूरी यांनी १९७३ पासून सोव्हिएत राजवटीत तरुणांची एक गुप्त संघटना चालवली होती आणि त्यासाठी पुढे तुरुंगवासही भोगला होता. १९९० च्या जून महिन्यात रशियातील आस्त्राखान येथे अखिल सोव्हिएत इस्लामी पुनरुत्थान पक्षाची स्थापना झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दुशान्बेजवळच्या एका गावात, सरकारची मनाई असताना, त्याच्या ताजिक शाखेची सभा भरली. १९९१ च्या डिसेंबरात पक्षाला मान्यता मिळाली. पुढच्या वर्षी यादवी युद्ध पेटले आणि १९९३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पक्षावर पहिली बंदी घातली. २०१५ ची बंदी ही दुसरी आहे, ही गोष्ट बहुतेक लेखांतून सुटते.

ते युद्ध ‘मुल्ला विरुद्ध निधर्मी’ असे नव्हते. सोव्हिएत काळात कापसाच्या शेतीसाठी गर्म व करातेगिन या डोंगरी भागांतील लोकांना दक्षिणेकडील वख्श खोऱ्यात नेऊन वसवण्यात आले होते आणि तेथे त्यांची कुलोबच्या लोकांशी जमीन, पाणी व सरकारी नोकऱ्यांवरून तेढ होती. नहजतचा पाया मुख्यतः या गर्मी लोकांत होता, तर रहमोन यांना सत्तेवर आणणारी जनआघाडी कुलोबची. १९९२ च्या वसंतात दुशान्बेच्या दोन चौकांत दोन्ही बाजूंचे लोक आठवडेच्या आठवडे समोरासमोर ठाण मांडून बसले होते. विरोधकांच्या चौकाचे नाव ‘शहीदोन’ आणि सरकारसमर्थकांच्या चौकाचे नाव ‘ओझोदी’. ताजिक ही फारसीचीच बोली असल्याने हे शब्द मराठी कानांनाही परके वाटत नाहीत. युद्धात हजारो लोक मारले गेले आणि लाखो निर्वासित झाले. त्यांतील अनेक आमू नदी ओलांडून अफगाणिस्तानात गेले.

हे युद्ध कोणीही निर्णायकपणे जिंकले नाही आणि पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळ त्यातच आहे. २७ जून १९९७ रोजी मॉस्को येथे रहमोन आणि नूरी यांनी करारावर सह्या केल्या. सरकारी पदांपैकी ३० टक्के पदे नहजतचा समावेश असलेल्या ताजिक विरोधकांच्या संयुक्त आघाडीला द्यायची, तिचे लढवय्ये सैन्यात सामावून घ्यायचे, पक्षांवरील बंदी उठवायची आणि राष्ट्रीय सलोखा आयोगाचे अध्यक्षपद नूरी यांच्याकडे राहायचे, असे ठरले. रशिया, इराण, उझबेकिस्तान यांच्यासह अनेक देश आणि संयुक्त राष्ट्रे हमीदार होती. म्हणजे नहजतची कायदेशीर मान्यता ही उदारमतवादाची देणगी नव्हती. डोंगरांतील बंदुका आणि बाहेरचे हमीदार या दोन वजनांनी ती तोलून धरली होती. १९९९ च्या सप्टेंबरातील सार्वमताने धर्माधिष्ठित पक्षांना घटनेत जागा दिली ती याच तोलामुळे.

त्यानंतर वजने उतरू लागली. १९९९ च्या नोव्हेंबरातील अध्यक्षीय निवडणुकीत नहजतचे उमेदवार दवलत उस्मोन यांनी बहिष्कार जाहीर केला, तरी त्यांचे नाव मतपत्रिकेवर ठेवण्यात आले आणि त्यांना जेमतेम दोन टक्के मते दाखवण्यात आली. २००० च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक पथक परतले. २००१ नंतर अफगाणिस्तानातील युद्धामुळे पाश्चात्त्य राष्ट्रांना दुशान्बेचा विमानतळ आणि तेथील सरकारची मर्जी हवीशी झाली. कराराच्या अंमलबजावणीबद्दल कोणी जाब विचारीनासे झाले. तीस टक्क्यांच्या वाट्याने आलेले मंत्री व सेनानी एकेक करून पदावरून हटवले गेले, काही तुरुंगात गेले, काही चकमकीत मारले गेले. २००३ च्या सार्वमताने रहमोन यांची कारकीर्द नव्याने मोजली जाऊ लागली आणि त्याच वर्षी पक्षाचे उपाध्यक्ष शम्सिद्दीन शम्सिद्दीनोव यांना अटक होऊन पुढे सोळा वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगातच वारले. २००६ मध्ये नूरींचे निधन झाले. करारावर सही करणारा हातच गेला.

त्यांच्या जागी आलेले मुहिद्दीन कबीरी हे सूट-टाय वापरणारे, परदेशी राजदूतांशी सहज बोलणारे गृहस्थ. त्यांनी पक्षात स्त्रिया, शहरी तरुण आणि व्यावसायिक आणले. माझे मत असे की, रहमोन यांना धास्ती वाटली ती नेमकी या बदलाची. गर्मच्या डोंगरातल्या मौलवींचा पक्ष कुलोबच्या राजवटीला कधीच पर्याय ठरू शकला नसता. सगळ्या प्रांतांत शाखा असलेला, कार्यालय चालवणारा, वृत्तपत्र काढणारा पक्ष मात्र ठरू शकला असता. बंदुका असताना या पक्षाला मोडणे अशक्य होते आणि बंदुका खाली ठेवून तो लोकप्रिय होऊ लागला तेव्हा त्याला मोडणे गरजेचेही झाले आणि सोपेही.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर शाखांत आहे. मार्च २०१५ च्या निवडणुकीत नहजतला १.६ टक्के मते दाखवण्यात आली, म्हणजे पाच टक्क्यांच्या उंबरठ्याच्या कितीतरी खाली. पाच वर्षांपूर्वी सरकारी आकड्यांनुसारच त्याला सुमारे आठ टक्के मते होती. त्याच महिन्यात शुक्रवारच्या खुत्ब्यांतून (मशिदीतील प्रवचनांतून) पक्ष बंद करण्याची मागणी होऊ लागली. इमामांना आदल्या वर्षापासून सरकारी पगार सुरू झालेला होता, हे येथे लक्षात घ्यावे. मग तालुक्या-तालुक्यांतून सभासदांच्या चित्रफिती प्रसृत होऊ लागल्या. एक माणूस कॅमेऱ्यासमोर बसतो, आपण पक्ष सोडत असल्याचे सांगतो आणि पाठोपाठ शाखा बरखास्त झाल्याचे जाहीर होते. पक्षाचे ‘नजोत’ हे मुखपत्र छापायला छापखाने नकार देऊ लागले. अखेर २८ ऑगस्टला न्यायमंत्रालयाने कळवले की, बहुतेक शहरांत व जिल्ह्यांत शाखाच उरलेल्या नसल्याने हा देशव्यापी पक्ष राहिलेला नाही, तेव्हा दहा दिवसांत कामकाज थांबवावे. आधी शाखा बंद पाडायच्या आणि मग शाखा नाहीत म्हणून पक्ष बेकायदा ठरवायचा, असा हा सगळा दप्तरी व्यवहार होता. लाठी चालवावी असा मोर्चा निघण्याची वेळच येऊ दिली नाही.

शंकासुर यांचे उत्तर

वरील उत्तर माहितीपूर्ण आहे, मात्र ते एका बाजूला झुकलेले आहे असे मला वाटते. नहजतला १९९२ च्या जबाबदारीतून इतक्या सहज मोकळे करता येणार नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात संयुक्त सरकार बनले तेव्हा दवलत उस्मोन उपपंतप्रधान होते आणि सप्टेंबरात अध्यक्ष नबीयेव यांच्याकडून दुशान्बेच्या विमानतळावर बंदुकीच्या धाकाने राजीनामा लिहून घेण्यात आला. निवडून आलेल्या अध्यक्षाला अशा रीतीने हटवण्यात ज्यांच्या बाजूच्या सशस्त्र लोकांचा हात होता, त्यांनी पुढे घटनेचा हवाला द्यावा हे मला पटत नाही.

दुसरे असे की, धर्माच्या नावाने पक्ष काढू न देणे हे केवळ हुकूमशहांचे लक्षण नाही. तुर्कस्तानच्या घटना न्यायालयाने १९९८ च्या जानेवारीत रेफाह हा इस्लामी पक्ष बरखास्त केला, तेव्हा त्याचे नेते एर्बाकान काही महिन्यांपूर्वीपर्यंत पंतप्रधान होते. आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २००३ मध्ये तो निर्णय उचलून धरला. शिवाय ४ सप्टेंबर २०१५ चा सशस्त्र हल्ला आपण उल्लेखिलेलाच नाही. उपसंरक्षणमंत्री जनरल अब्दुहलीम नझरझोदा यांच्या माणसांनी दुशान्बे आणि वहदत येथे हल्ले केले, पोलीस मारले गेले आणि दोन आठवड्यांच्या आत रोमित खोऱ्यात स्वतः नझरझोदा ठार झाले. ते जुन्या विरोधी आघाडीतूनच सैन्यात आलेले होते. असा प्रसंग ओढवल्यावर कोणतेही सरकार स्वस्थ बसले असते काय?

आमू_ते_भीमा यांचे उत्तर

शंकासुर, १९९२ बद्दलचा आपला आक्षेप मी मान्य करतो. त्या वर्षी कोणत्याच बाजूचे हात स्वच्छ नव्हते. म्हणूनच तर १९९७ च्या करारात परस्परांना माफी देण्याची तरतूद होती. ती माफी एका पक्षाने वापरायची आणि दुसऱ्याच्या बाबतीत विसरायची, हे न्याय्य ठरत नाही.

नझरझोदांच्या बाबतीत मात्र आपण तारखा पुन्हा पाहाव्यात. न्यायमंत्रालयाचा आदेश २८ ऑगस्टचा आहे आणि हल्ला ४ सप्टेंबरचा. पक्षाचे मुख्य कार्यालय त्याआधीच सील झालेले होते आणि कबीरी कितीतरी आधी देश सोडून गेले होते. बंदीचे कारण म्हणून जो हल्ला सांगितला जातो, तो बंदीच्या आदेशानंतर आठवडाभराने झाला. त्या हल्ल्याने घडले ते इतकेच की ‘नोंदणी रद्द’ या कारकुनी शेऱ्याच्या जागी ‘दहशतवादी’ हा शब्द आला आणि १६ सप्टेंबरपासून नेत्यांची धरपकड सुरू करता आली.

रेफाहचे उदाहरण विचार करायला लावणारे आहे, तरीही तुलना पुरती जुळत नाही. रेफाहच्या नेत्यांची भाषणे न्यायालयात मांडली गेली, पक्षाने उघडपणे बचाव केला, निकालाची कारणे छापली गेली आणि एर्बाकान यांना युरोपीय न्यायालयाचे दार ठोठावता आले. दुशान्बेतील खटला बंद दाराआड चालला. २ जून २०१६ रोजी उपाध्यक्ष सैदुमर हुसैनी आणि महमदअली हयित यांना जन्मठेप झाली, ‘नजोत’चे संपादक हिक्मतुल्लो सैफुल्लोझोदा यांना सोळा वर्षे. त्यांचा बचाव करायला पुढे आलेले वकील बुझुर्गमेहर योरोव यांना २०१५ च्या सप्टेंबरातच अटक झाली होती आणि पुढे त्यांनाच वीस वर्षांहून अधिक शिक्षा ठोठावण्यात आली. वकिलालाच आरोपीच्या पिंजऱ्यात बसवल्यावर आरोपाच्या खरेखोटेपणाची तपासणी कोणी करायची?

नोंदवही यांचे उत्तर

चर्चा वाचताना इंडोनेशिया आठवला, कारण तेथे अध्यक्ष सुहार्तो यांनी याच प्रश्नाला अगदी वेगळे उत्तर शोधले होते. १९५५ च्या निवडणुकीत सुमारे २१ टक्के मते मिळवून दुसऱ्या क्रमांकावर आलेला माश्युमी हा इस्लामी पक्ष त्यांच्या आधीचे अध्यक्ष सुकार्नो यांनी १९६० मध्ये बंद पाडला होता. सुहार्तो यांनी बंदीचा मार्ग न धरता १९७३ च्या जानेवारीत उरलेल्या चार इस्लामी पक्षांना एकत्र कोंबून एकच पक्ष बनवला, आणि गंमत अशी की त्याच्या नावात ‘इस्लाम’ हा शब्दच ठेवला नाही. नाव होते संयुक्त विकास पक्ष. गावपातळीवर पक्षांच्या शाखा चालवायला मनाई होती. ग्रामस्थांनी राजकारणात न पडता विकासाकडे लक्ष द्यावे, असे त्याचे समर्थन केले जाई. सरकारी गोल्कार संघटनेला मात्र सरपंचापासून कलेक्टरापर्यंतची सगळी नोकरशाही दिमतीला होती.

तरीही १९७७ मध्ये या पक्षाने २९ टक्के मते मिळवली, तेव्हा त्याच्या मतपत्रिकेवरील काबाच्या चिन्हाकडे सरकारचे लक्ष गेले. १९८० च्या दशकाच्या मध्यात सर्व पक्षांना ‘पंचशील’ (इंडोनेशियन राज्याची पाच तत्त्वे) हेच एकमेव अधिष्ठान मानणे भाग पाडले गेले, काबा जाऊन तारा आला, आणि नहदतुल उलमा ही त्यातील सर्वांत मोठी धार्मिक संघटना १९८४ मध्ये राजकारणातून बाहेर पडली. १९८७ मध्ये पक्ष १६ टक्क्यांवर आला. कोणाला जन्मठेप द्यावी लागली नाही. पक्ष जिवंत राहिला, पण त्याला दात उरले नाहीत. ‘आमू’ यांनी वर्णिलेल्या शाखा मोडण्याच्या तंत्रात आणि या तंत्रात मला फार साम्य दिसते. दोन्हीकडे खरा घाव राजधानीतल्या नेत्यावर नसून गावातल्या शाखेवर होता.

फरक मला दिसतो तो असा. इंडोनेशियात पक्षाच्या बाहेर नहदतुल उलमा व मुहम्मदिया या प्रचंड संघटना, त्यांच्या शाळा, दवाखाने व मदरसे शाबूत होते. त्यामुळे १९९८ मध्ये सुहार्तो गेले तेव्हा काही महिन्यांत नवे पक्ष उभे राहिले. ट्युनिशियातील एन्नाहदा हा इस्लामी पक्षही दोन दशके बंदीत आणि परदेशात राहूनही २०११ मध्ये २१७ पैकी ८९ जागा घेऊन परतला होता. अर्थात आज त्याचे वयोवृद्ध नेते गन्नुशी पुन्हा तुरुंगातच आहेत. ताजिकिस्तानात पक्षाबाहेर काही शिल्लक ठेवलेले आहे काय, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आमू_ते_भीमा यांचे उत्तर

फारसे नाही. २०११ च्या पालकांच्या जबाबदारीविषयक कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना मशिदीत जाण्यापासून रोखले. परदेशी मदरशांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याआधीच परत बोलावण्यात आले होते. २०१६ च्या जानेवारीत खतलोन प्रांताच्या पोलीसप्रमुखांनी सुमारे तेरा हजार पुरुषांच्या दाढ्या उतरवल्याचे कामगिरी म्हणून सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात झालेल्या सार्वमताने धर्माधिष्ठित पक्षांवरील बंदी थेट घटनेत घातली आणि त्याच मतपत्रिकेने ‘राष्ट्राचे नेते’ रहमोन यांच्यावरील मुदतीची मर्यादा उठवून अध्यक्षपदाची किमान वयोमर्यादा तीसवर आणली; त्यांचे पुत्र रुस्तम इमोमाली तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. पक्षबंदी आणि वारसाहक्क एकाच कागदावर आले, हा योगायोग मानायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.

रस्त्यावर लोक का आले नाहीत, याला आणखी दोन कारणे जोडतो. यादवीची आठवण अजून ताजी आहे आणि ‘पुन्हा १९९२ हवे आहे काय’ हे वाक्य तेथे सरकारला फार स्वस्तात पडते. दुसरे म्हणजे कामाच्या वयाचे लक्षावधी पुरुष रशियात मजुरीला असतात. घरचा चूल-खर्च त्यांनी पाठवलेल्या पैशावर चालतो. ज्यांनी मोर्चा काढायचा ते मॉस्कोत विटा वाहत आहेत. परदेशात गेलेल्या कार्यकर्त्यांच्या मागे राहिलेल्या नातेवाइकांना चौकशीला बोलावणे व त्यांना देश सोडू न देणे हा तर नित्याचा भाग झाला आहे.

वाचनवेडा_मिरज

सर्वांचे आभार. तारखांचा मुद्दा माझ्या नजरेतून पूर्ण निसटला होता. एक व्यावहारिक गोष्ट विचारतो : शेजारच्या मुलीने तेथे या विषयावर बोलू नये, असे तिच्या वडिलांना सांगू का?

नोंदवही

अवश्य सांगा. परदेशी विद्यार्थिनीला काही होईल असे नव्हे, परंतु तिच्याशी बोलणाऱ्या स्थानिक माणसाला होऊ शकते. ‘नहजतचा सभासद’ हा तेथे आता गुन्हा आहे.

शंकासुर

आदेश आधीचा आणि हल्ला नंतरचा, हे मी तपासून पाहिले. त्या मुद्द्यावर माझे म्हणणे मागे घेतो. धार्मिक पक्षाला बंदी असावी की नाही, यावर मात्र माझे मत बदललेले नाही. त्यासाठी वेगळा धागा काढतो, कारण त्या वादात ताजिकिस्तानचे उदाहरण माझ्या बाजूनेही चालणार नाही आणि आपल्याही.